पाला : एका हिवाळी शब्दाचे मूळ आणि मुक्काम

वाचकहो, एक साधे वाक्य घेऊ: ‘रात्री पाला पडला.’ हे वाक्य पुण्या-सातारकडच्या माणसाने ऐकले तर त्याच्या डोळ्यांपुढे झाडाखाली साचलेली पाने येतील. फार तर तो विचारेल, वारा सुटला होता का? हेच वाक्य इंदूर, देवास, धार किंवा ग्वाल्हेरकडच्या मराठी माणसाच्या कानी पडले तर त्याच्या मनात हरभऱ्याचे शेत उभे राहील, आणि तो विचारेल, किती गेले? वाक्य एकच, व्याकरण एकच, भाषाही दोघांच्या मते मराठीच. पण एकाला त्यात केराची बातमी ऐकू येते आणि दुसऱ्याला आपत्तीची.

या दुसऱ्या ‘पाल्या’विषयी हा निबंध आहे. हा शब्द म्हणजे नेमके काय, तो आला कुठून, आणि माळव्यातल्या मराठीने तो वापरला तर ती हिंदीची उसनवार समजायची की मराठीची कमाई, या तीन प्रश्नांचा क्रमाने विचार करू.

आधी वस्तू पाहू, मग शब्द. पाला म्हणजे थंडी नव्हे. बर्फवृष्टीही नव्हे, तो आकाशातून ‘पडत’ नाही, आपण तसे म्हणतो एवढेच. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री जमीन आणि पाने दिवसभर साठवलेली उष्णता आकाशाकडे सोडत राहतात. ढग असले तर ते त्यातली पुष्कळशी उष्णता परत खाली धाडतात. ढग नसले तर ती निघून जाते. त्यातच वारा पडलेला असला की वरची उबदार हवा खालच्या गार हवेत मिसळत नाही. गार हवा जड असते, ती जमिनीलगत आणि खोलगट शेतांत साचते. माणसाच्या छातीच्या उंचीवर ठेवलेला तापमापक तीन-चार अंश दाखवत असतानाही पानाचा पृष्ठभाग शून्याखाली गेलेला असू शकतो. मग हवेतली वाफ पानावर थेट बर्फकणांच्या रूपाने धरते, आणि पानाच्या आतले पाणीही गोठू लागते. पाणी गोठताना फुगते. त्याने पेशींचे आवरण फाटते. सकाळी ऊन वर आले की पांढरी साय वितळते, आणि दुपारपर्यंत पान उकडल्यासारखे काळे पडून लोंबू लागते.

म्हणून माळव्यातला शेतकरी थंडीचा आकडा पाहत नाही, आकाश पाहतो. मावठ्याचा पाऊस होऊन गेला, ढग फाकले, उत्तरेचा बोचरा वारा दिवसभर वाहिला आणि संध्याकाळी अचानक पडला, की तो रात्रीची तयारी करतो. शेताला हलके पाणी देतो, कारण ओली जमीन उष्णता जास्त धरून ठेवते. मध्यरात्रीनंतर बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतो, म्हणजे ढगाचे काम थोडेफार धुराने व्हावे. कृषिखाते हजार लिटर पाण्यात एक लिटर गंधकाम्ल या प्रमाणात फवारणी सुचवते. हरभरा, मसूर, वाटाणा, तूर, बटाटा, धने, मंदसौर-नीमचकडची अफू ही पिके फुलावर किंवा घाट्यावर असताना एक रात्र पुरते. वारा सुटलेल्या रात्री थंडी कितीही हाडात शिरो, पाला धरत नाही. थंडी माणसाला वाजते. पाला पिकाला लागतो. हा फरक ज्या भाषेला एका शब्दात सांगता येतो, तिने निसर्ग नीट पाहिलेला असतो.

आता शब्दाकडे वळू. अमरकोशाच्या दिग्वर्गात दव-हिमासाठी सात नावे एका ओळीत दिली आहेत: अवश्याय, नीहार, तुषार, तुहिन, हिम, प्रालेय आणि मिहिका. पुढे हिमाच्या मोठ्या राशीला ‘हिमानी’ असे वेगळे नाव आहे. या सात भावंडांची पुढे जी पांगापांग झाली, ती पाहण्यासारखी आहे. ‘अवश्याय’ हिंदीत ‘ओस’ झाला आणि दवाच्या थेंबावर स्थिरावला. ‘तुहिन’ आणि ‘नीहार’ कवितेत आणि मुलामुलींच्या नावांत राहिले. ‘तुषार’ मराठीत आला तो थंडी बाहेर ठेवून: आज मराठीत तुषार म्हणजे पाण्याचे बारीक शिंतोडे, कारंज्याचे किंवा तुषार सिंचनाचे. माळव्यात पिकाचा शत्रू असलेला शब्द महाराष्ट्रात पिकाला पाणी पाजतो.

‘हिम’ या शब्दाचा प्रवास सर्वांत लांबचा. त्याचे भाऊबंद पार युरोपापर्यंत आहेत: लॅटिनमध्ये हिवाळ्याला ‘हिएम्स’, रशियनमध्ये ‘झिमा’, फारसीत ‘जमिस्तान’. आपल्या ‘हेमंता’चे कूळही तेच. वेदकाळी आयुष्य मागताना शंभर हिवाळे मागत, कारण वर्ष मोजायचे माप हिवाळा हे होते. मराठीत ‘हिम’चे ‘हिंव’ झाले. दोन स्वरांमधला ‘म’ मराठीत असाच विरघळतो: ग्रामचे गांव, नामचे नांव, श्यामलचे सावळा. ‘हिमकाल’चा ‘हिवाळा’ झाला. शेजारी गुजरातीने हाच ऋतू ‘शीतकाला’वरून घेतला आणि ‘शियाळो’ म्हटले. वडोदऱ्याच्या मराठी घरांत हे दोन्ही शब्द एकाच अंगणात नांदत आले आहेत.

पण मराठीत ‘हिंवा’चे पुढे काय झाले? दख्खनच्या पठारावर बर्फ पडत नाही. ज्या वस्तूसाठी शब्द होता ती वस्तूच नव्हती. शब्द मग रिकामा राहिला नाही. तो माणसाच्या अंगात शिरला. हिंव भरते ते शेतात नव्हे, शरीरात: दात वाजतात, गोधडीवर गोधडी घातली तरी कापरे थांबत नाही. म्हणून तो ताप ‘हिंवताप’. हिमालयाच्या नावातला शब्द सह्याद्रीच्या पायथ्याशी डासाच्या तापाचे नाव झाला. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी त्यावरचा अनुस्वारही उतरवला आणि ‘हिवताप’ लिहिणाऱ्याला त्यात हिम आहे याची खूणही उरली नाही. यात कुणाची चूक नाही. हवामान बदलले की शब्दांचे अर्थ बदलतात, एवढेच यातून दिसते.

उरला ‘प्रालेय’, आणि तोच आपला शब्द. पाणिनीने त्याची दखल स्वतंत्रपणे घेतली आहे. सातव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात, दुसऱ्याच सूत्रात, केकय, मित्रयु आणि प्रलय या तीन शब्दांना प्रत्यय लागताना होणारा विशेष बदल सांगितला आहे. त्या नियमाने केकयाचा ‘कैकेय’ होतो आणि प्रलयाचा ‘प्रालेय’. काशिकेचे स्पष्टीकरण सरळ आहे: प्रलयापासून आले ते प्रालेय, आणि उदाहरण दिले आहे ते पाण्याचे. इथे प्रलय म्हणजे जगबुडी समजायचे कारण नाही. ‘ली’ या धातूचा अर्थ विरघळणे, वितळणे. जे वितळण्यातून येते, ते प्रालेय. म्हणजे या शब्दाने गोठण्याकडे पाहिलेले नाही, वितळण्याकडे पाहिले आहे: सकाळच्या उन्हात साय पाणी होते त्या क्षणावरून नाव दिले आहे. अर्थात ज्याने त्याच उन्हात आपला वाटाणा काळा पडताना पाहिला, त्याला प्रलयाचा दुसरा अर्थही परका वाटणार नाही.

कालिदासाने हा शब्द मेघदूतात दोन ठिकाणी योजला आहे, आणि ती दोन ठिकाणे आपल्या विषयासाठी महत्त्वाची आहेत. एकदा तो हिमालयाच्या नावात येतो, मेघ उत्तरेच्या पर्वतापाशी पोहोचतो तेव्हा. त्याआधी तो येतो उज्जयिनीच्या पहाटेत: रात्र मेघाने नगरीच्या छतावर काढली आहे, सूर्य उगवतो आहे, आणि कमळाच्या मुखावर जे अश्रू आहेत ते प्रालेयाचे आहेत. एकाच काव्यात एका टोकाला पर्वत आणि दुसऱ्या टोकाला पाकळीवरचा थेंब. आषाढातल्या त्या पहाटेत तो थेंब दवाचाच असणार, गोठलेला नव्हे. पण शब्द माळव्याच्या भूमीवर उच्चारला गेला आहे, आणि तो त्या भूमीतल्या एका सकाळसाठी उच्चारला गेला आहे, हे आपण लक्षात ठेवू.

पुढची वाट ध्वनिशास्त्राची आहे आणि ती अवघड नाही. प्राकृतात जोडाक्षरातला ‘र’ गळतो, जसा ग्राममधून गाव होताना किंवा भ्रात्यातून भाऊ होताना गळला. दोन स्वरांमधला ‘य’ही टिकत नाही. प्रालेयचे ‘पालेअ’ झाले. शेवटचे स्वर एकत्र येऊन हिंदीत ‘पाला’ राहिला. पंजाबीत हाच शब्द सरसकट थंडीला वापरतात. गंगेच्या खोऱ्यात आणि माळवा-बुंदेलखंडात तो नेमक्या अर्थाने राहिला: पिकावर धरणारे हिम. जिथे ही वस्तू दरवर्षी भेटते तिथे अर्थ घट्ट राहिला.

मराठीतला दुसरा ‘पाला’ म्हणजे पाने, हा याचा नातेवाईक नव्हे. तो ‘पल्लव’ या शब्दाचा वंशज. ‘पालवी’ त्याची बहीण. दोन वेगळ्या घराण्यांतले शब्द झिजता झिजता एकाच रूपाला येऊन ठेपले, असे भाषेत नेहमी घडते. माळव्यात ‘पाल्यावर पाला पडला’ हे वाक्य निर्दोष आहे, आणि त्याचा परिणाम पाचोळा हाही मराठीच शब्द आहे. ऐकणाऱ्याला घोटाळा होईल अशी भीती काही जण घालतात. पण मराठीत ‘गार’ म्हणजे थंड, ‘गार’ म्हणजे आभाळातून पडणारा बर्फाचा खडा, आणि ‘गार’ म्हणजे दगडाची एक जात, हे तिन्ही अर्थ एकत्र नांदतात. चहा गार झाला म्हटल्यावर कुणी कपात गारगोटी शोधत नाही. संदर्भ शब्दाला सांभाळून घेतो.

आता असा प्रश्न येतो की महाराष्ट्रातल्या मराठीला या वस्तूसाठी शब्द का नाही. पूर्णपणे नाही असे नव्हे. ‘दहिवर’ आहे, पण तो दवाकडे झुकलेला. कारण उघड आहे. देशावर पाला क्वचित धरतो. पण क्वचित म्हणजे कधीच नव्हे. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड भागात पारा शून्याच्या जवळ गेल्याच्या बातम्या येतात आणि द्राक्षबागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात, लिंगमळ्याकडे, गवतावर आणि गाड्यांच्या टपांवर पांढरा थर दिसतो. त्या वेळी मराठी वृत्तपत्रांत मथळा काय असतो? ‘दवबिंदू गोठले.’ काही ठिकाणी ‘हिमकण’. बातमीदाराने वर्णन केले आहे, नाव घेतलेले नाही. नाव त्याच्याजवळ नाही. शे-दीडशे कोसांवर, सातपुड्यापलीकडे, मराठी बोलणारी माणसे ते नाव रोज वापरतात, हे त्याला ठाऊक नाही.

ती माणसे तिथे गेली अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात. होळकर, शिंदे, पवार माळव्यात स्थिरावले. १७४१ मध्ये बादशहाकडून माळव्याचा सुभा पेशव्यांच्या नावे झाला. पुढे दौलतराव शिंद्यांच्या काळात ग्वाल्हेरजवळ लष्कर वसले. फौजेबरोबर कारकून, पुजारी, वैद्य, शेतकी पाहणारे कमाविसदार गेले. दख्खनच्या माणसांना उत्तरेच्या हिवाळ्याने काय केले, याची सर्वांत कठोर आठवण पानिपताची आहे: १४ जानेवारी १७६१ ला, पौषात, उपासमारीने खंगलेली फौज उघड्यावरच्या छावणीतून लढाईला निघाली, तेव्हा शत्रूइतकीच भूक आणि थंडीही समोर होती. पण रणांगणावरची थंडी निराळी आणि महसुलाच्या कागदावरची निराळी. गावचे पीक गेले म्हणून रयत सूट मागायला येते, तेव्हा कमाविसदाराला विचारावे लागते, कशाने गेले? रयत आपल्या शब्दात सांगते. तो शब्द ऐकून घेण्यावाचून, आणि पुढे वापरण्यावाचून, गत्यंतर नसते. माळव्यातल्या मराठीत ‘पाला’ असाच कामाच्या निमित्ताने रुजला असणार, हौसेने नव्हे.

आणि रुजला तो कसा, हेही पाहा. मराठीने त्याला आपल्या व्याकरणात बसवले. पाला, पाल्याने, पाल्यामुळे, पाल्याचा: घोडा, घोड्याने, घोड्यामुळे, घोड्याचा याच चालीवर. परका शब्द घरात आला की तो आधी अंगणात बसतो. हा थेट स्वयंपाकघरात गेला, कारण त्याची चालरीत घरचीच होती. तो आलाही एका प्राकृत बहिणीकडून. ज्या नियमांनी ‘हिंव’ आणि ‘गाव’ घडले, त्याच जातीच्या नियमांनी ‘पाला’ घडला.

तरीही आपल्याकडे एक सवय आहे. इंदूरच्या, ग्वाल्हेरच्या, बेळगावच्या किंवा हैदराबादच्या मराठीत जे वेगळे दिसेल ते शेजारच्या भाषेचे बिघडलेले अंग समजायचे. आणि आपल्यापैकी अनेकांनीही ही समजूत निमूट मान्य करून मुलांना ‘तिकडची’ शुद्ध मराठी शिकवली. ‘पाला’ म्हणू नकोस, ‘दव गोठले’ म्हण. या दुरुस्तीने काय मिळाले? एका नेमक्या शब्दाऐवजी दोन शब्दांचे अंदाजी वर्णन. शुद्धतेच्या नावाने आपण अर्थ गमावला.

हा केवळ वाङ्मयीन तोटा असता तर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. पण शब्दावर पैसे अवलंबून असतात. २०११ च्या जानेवारीत मध्य प्रदेशात पाल्याने रब्बीचे प्रचंड नुकसान झाले. राज्याने केंद्राकडे मदत मागितली, तेव्हा अडचण अशी पुढे आली की केंद्राच्या नैसर्गिक आपत्तींच्या यादीत पाला नव्हता. पूर होता, दुष्काळ होता, गारपीट होती. ज्याने एका रात्रीत पीक जाळले त्याचे नाव नव्हते. प्रश्न एवढा तापला की मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी फेब्रुवारीत उपोषणाची घोषणा केली. नंतर केंद्राच्या यादीत पाला आणि शीतलहर यांचा समावेश झाला. यादीत एक शब्द वाढला, आणि त्या शब्दामागे उभा असलेला शेतकरी मदतीच्या नियमात आला.

हीच यादी मराठी शासकीय कागदांत वाचा. तिथे या जागी ‘थंडीची लाट व कडाक्याची थंडी’ अशी शब्दयोजना आढळते. भाषांतर करणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार; त्याच्या मराठीत शब्द नव्हता म्हणून त्याने जवळचा घेतला. पण पाला आणि कडाक्याची थंडी यांत काय फरक आहे तो आपण वर पाहिला. हवामान खाते मैदानी भागात किमान तापमान १० अंशांवर किंवा खाली गेले, आणि ते सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा त्याहून अधिक घसरले, की शीतलहर मानते. पारा ४ अंशांपर्यंत उतरला तर सरासरी न पाहताही मानते. हे सारे आकडे हवेचे. पाला ठरतो पानावर. केंद्रावरच्या तापमापकाने पाच अंश दाखवले, सरासरीपेक्षा घट चार अंशच निघाली, आणि खोलगट शेतातला वाटाणा मात्र काळा पडला, असे घडू शकते. त्या शेतकऱ्याने अर्जात काय लिहावे? ‘पाला’ लिहिले तर पंचनाम्याला येणारा माणूस पान पाहील. ‘कडाक्याची थंडी’ लिहिले तर तो आकडा विचारील. चुकीच्या शब्दाने साक्षच बदलते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. ‘पाला’ हा शब्द मराठी कोशात दोन स्वतंत्र नोंदींनी यावा. पहिली, पल्लवापासून आलेली: झाडाची पाने. दुसरी, प्रालेयापासून आलेली: निरभ्र, निवांत रात्री वनस्पतींवर धरणारे हिम व त्याने होणारी पिकाची हानी. दुसऱ्या नोंदीपुढे ‘हिंदी’ असा शेरा मारून तो बाजूला टाकू नये. ‘माळवा, ग्वाल्हेर’ अशी प्रदेशाची खूण जरूर द्यावी, कारण शब्द कुठे कमावला गेला हे सांगणे म्हणजे त्याचा मान राखणे. निफाडच्या बागायतदाराला तो उपयोगी पडेल, महाबळेश्वरच्या बातमीदारालाही.

आणि वाचकहो, आपल्याकडेही थोडे काम आहे. ‘मावठा’ असाच एक शब्द. असे आणखी किती तरी शेत, बाजार, कचेरी यांच्या निमित्ताने आपल्या पूर्वजांनी या भागांत जोडले असतील. ते बोलणारी पिढी आता वयस्क झाली आहे आणि तिची नातवंडे शेतापासून दूर आहेत. प्रत्येकाने आपल्या घरातले असे पाच-दहा शब्द, कोण म्हणत असे, कशाला म्हणत असे आणि कोणत्या वाक्यात म्हणत असे, एवढ्या माहितीसह कागदावर उतरवले तरी मोठे काम होईल. पाल्याचा शब्द पाणिनीपासून इथवर टिकला तो कोशामुळे नव्हे, दर हिवाळ्यात कुणाला तरी त्याची गरज पडली म्हणून. गरज अजून आहे. येत्या पौषात आकाश निवळेल, वारा पडेल, आणि कुणीतरी बांधावर काडी पेटवताना तो शब्द उच्चारील. ते मराठीत उच्चारणाऱ्याला आपण अडवू नये.